आधी जागा, मग जंतू, शेवटी औषध

संसर्गरोगांच्या डॉक्टरकडे इतर विभागांतून येणाऱ्या रेफरन्सचा शेवट बहुतेक वेळा ठरलेला असतो: ‘ताप उतरत नाही, मेरोपेनेम चालू आहे, पुढचं अँटिबायोटिक सुचवावं.’ डीएम या एमडीनंतरच्या पदवीच्या पहिल्या वर्षाचा रेसिडेंट या ओळीचं उत्तर द्यायला जातो आणि तिथेच फसतो, कारण प्रश्नच शेवटाकडून विचारलेला असतो. पू कुठे साठलाय ते ठाऊक नाही, जंतू कुठला ते कळलेलं नाही, आणि चर्चा मात्र औषधाची. डीएमची तीन वर्षं हा क्रम सुलटा करायला शिकण्यात जातात. जागा शोधायची, तिथला नमुना घेऊन जंतू ओळखायचा, आणि मग औषध. ज्यांना या शाखेत यायचंय, किंवा नुकतेच आलेत, त्यांच्यासाठी ही पोस्ट लिहितोय. यातले औषधांचे डोस मोठ्या माणसाचे आणि मूत्रपिंड नीट चालत असतानाचे आहेत.

रस्ता लांब आहे. इंटर्नशिप धरून एमबीबीएसची साडेपाच वर्षं, एमडीची तीन, त्यावर डीएमची तीन. बहुतेक जण एमडी मेडिसिन करून येतात. दिल्लीचं एम्स आणि चंडीगडचं पीजीआय यांची प्रवेश परीक्षा आयएनआय-एसएस, बाकी बहुतेक ठिकाणी नीट-एसएस. कुठल्या एमडीवाल्यांना बसता येतं, ते त्या-त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच पाहावं. देशाचा आकार पाहता जागा फारच थोड्या आहेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस मुंबईत स्वतःच्या अंगावर टोचून घेतली ती 10 जानेवारी 1897 ला. चिंचपोकळीचं कस्तुरबा, शिवडीचं टीबी रुग्णालय, पुण्याचं नायडू ही नावं पिढ्यान् पिढ्या लोकांच्या तोंडी आहेत. पुण्यातली विषाणू संस्था 1952 ची. म्हणजे रोग होते, रुग्णालयं होती, प्रयोगशाळा होत्या. या सगळ्याचा मेळ रुग्णाच्या खाटेपाशी घालणारा तज्ज्ञ घडवणारी डीएम पदवी मात्र आपल्याकडे एकविसाव्या शतकात आली.

सुरुवातीच्या काळात मायक्रोबायोलॉजीत पोस्टिंग असतं. एमडी मेडिसिन करून आलेल्याला वाटतं, इथे काय शिकायचं, रिपोर्ट तर वॉर्डात येतोच. माझ्या मते याच पोस्टिंगवर पुढचं सगळं उभं राहतं, त्यामुळे ते अंगावेगळं करू नका. रोज सकाळी स्वतः ग्रॅम स्टेन करा, म्हणजे जंतूंना रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. क्रिस्टल व्हायोलेट 1 मिनिट, आयोडीन 1 मिनिट, मग अ‍ॅसिटोन-अल्कोहोलने रंग उतरवायचा तो काही सेकंदच, शेवटी सॅफ्रानिन 30 ते 60 सेकंद. चूक होते ती रंग उतरवताना. हात जरा जास्त वेळ थांबला की जांभळे दिसायला हवेत ते ग्रॅम पॉझिटिव्ह जंतू गुलाबी दिसतात, आणि वॉर्डात चुकीचं औषध चालू होतं. थुंकीच्या स्लाइडवर आधी कमी ताकदीच्या भिंगाखाली पेशी मोजायच्या. एका फील्डमध्ये पूपेशी 25 हून जास्त आणि एपिथेलियल (तोंडाच्या अस्तरातल्या) पेशी 10 हून कमी असतील तरच तो नमुना छातीतला. नाहीतर ती लाळ आहे, आणि लाळेच्या कल्चरवर (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीवर) न्यूमोनियाचा उपचार ठरत नाही.

ब्लड कल्चरबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इतकी साधी आणि इतकी बिघडलेली गोष्ट या शाखेत दुसरी नाही. जंतू रक्तात शिरलेल्या मोठ्या माणसाच्या 1 मिलीलीटर रक्तात अनेकदा एकही जिवंत जंतू सापडत नाही, इतके ते विरळ असतात. त्यामुळे यश बाटलीत किती रक्त गेलं यावर ठरतं. एका सेटमध्ये दोन बाटल्या, प्रत्येकीत 8 ते 10 मिलीलीटर. असे किमान दोन सेट, दोन वेगवेगळ्या शिरांतून, अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्याआधी. म्हणजे एकूण साधारण 40 मिलीलीटर रक्त. प्रत्यक्षात काय होतं? एकाच बाटलीत 3 मिलीलीटर रक्त जातं, तेही औषध सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी, आणि चालू असलेल्या सेंट्रल लाइनमधून (मोठ्या शिरेत ठेवलेल्या नळीतून). मग ‘नो ग्रोथ’ येतं आणि सगळे म्हणतात, कल्चरचा काही उपयोग नसतो.

काढण्याची पद्धत अशी. क्लोरहेक्सिडीन-अल्कोहोलने त्वचा 30 सेकंद घासायची आणि सुकू द्यायची. सुकताना जंतू मरतात, त्यामुळे ओल्या त्वचेत सुई घालू नये. पुसून झाल्यावर शीर पुन्हा बोटाने चाचपायची नाही. बाटलीचं प्लास्टिकचं झाकण काढलं तरी खालचं रबर निर्जंतुक नसतं, तेही अल्कोहोलने पुसायचं. बटरफ्लाय सुईने थेट भरत असाल तर एरोबिक (हवेत वाढणाऱ्या जंतूंची) बाटली आधी, कारण नळीतली हवा तिच्यात जाते. सिरिंजने काढलं असेल तर हवा न लागणाऱ्या जंतूंची, म्हणजे अ‍ॅनेरोबिक आधी. आणि बाटली फ्रीजमध्ये ठेवायची नाही. रात्री दोनला काढलेली बाटली नर्सिंग स्टेशनच्या फ्रीजमध्ये सकाळपर्यंत पडून राहते, हे आजही घडतं. पाठीच्या पाण्याचा कल्चरचा नमुनासुद्धा फ्रीजमध्ये जाता कामा नये. लघवीचा नियम उलटा आहे. तो दोन तासांत लॅबला पोचणार नसेल तर फ्रीजमध्येच ठेवायचा, नाहीतर चार-दोन जंतूंचे लाखो होतात.

ऑपरेशन थिएटरमध्ये आणखी एक नुकसान होतं. सर्जन गळू फोडतो, हाडाचा तुकडा काढतो आणि सगळंच्या सगळं फॉर्मॅलिनमध्ये टाकतो. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, कल्चर संपलं. म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दिवशी स्वतः जाऊन दोन डब्या द्यायच्या: एक फॉर्मॅलिनची, पॅथॉलॉजीसाठी, आणि एक साध्या निर्जंतुक सलाईनची, कल्चर आणि सीबीनॅटसाठी (टीबीच्या जनुकीय तपासणीसाठी). दोन्हींवर मोठ्या अक्षरात नाव लिहायचं. पू असेल तर सिरिंजमध्ये किंवा डबीत, स्वॅबवर नाही. म्युकरची शंका असेल तर लॅबला आधी फोन करायचा, कारण नेहमीसारखं ऊतक वाटून घेतलं तर त्या बुरशीचे आडपडदे नसलेले धागे फुटून मरतात आणि वाढ येत नाही. त्याच तुकड्याचा केओएच माउंट (पोटॅशच्या द्रावात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं) काही मिनिटांत उत्तर देतो. तो बघायला स्वतः लॅबमध्ये जावं.

आता रिपोर्ट वाचण्याविषयी. सेन्सिटिव्हिटीच्या (जंतू कुठल्या औषधाला दाद देतो त्या) तक्त्यात औषधापुढे एमआयसीचा, म्हणजे जंतूची वाढ रोखणाऱ्या कमीत कमी मात्रेचा, आकडा असतो, आणि नवा रेसिडेंट सगळ्यात लहान आकड्याचं औषध निवडतो. हे साफ चूक. ई. कोलायच्या रिपोर्टवर सिप्रोफ्लोक्सासिनपुढे 1 आणि पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमपुढे 8 असं लिहिलेलं असेल, तर सीएलएसआय या मानकं ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या निकषांप्रमाणे त्या सिप्रोला जंतू दाद देत नाही आणि पिप-टॅझोला देतो. प्रत्येक औषधाची सीमारेषा वेगळी, कारण रक्तात ते किती साठतं, किती वेळ टिकतं हे वेगळं. दोन औषधांचे आकडे एकमेकांशी ताडायचे नसतात.

आणि ‘सेन्सिटिव्ह’ लिहिलं म्हणजे चालेलच असंही नाही. इथे पुन्हा जागा येते. नायट्रोफ्युरँटॉइन मूत्राशयात उत्तम, पण मूत्रपिंडाच्या ऊतकात आणि रक्तात ते पुरेसं पोचत नाही, म्हणून थंडी वाजून ताप आलेल्या पायलोनेफ्रायटिसला (मूत्रपिंडाच्या संसर्गाला) ते देऊ नये. डॅप्टोमायसिनला फुप्फुसातलं सर्फॅक्टंट (हवेच्या पिशव्यांना आतून असलेला पातळ थर) निकामी करतं, त्यामुळे न्यूमोनियात ते कुचकामी. टायफॉइडच्या जंतूवर जेंटामायसिन, अमिकासिन लॅबच्या ताटलीत चालताना दिसतात आणि माणसात चालत नाहीत, कारण हा जंतू पेशींच्या आत बसतो आणि ही औषधं तिथे नीट पोचत नाहीत.

टायफॉइडचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगतो. योग्य औषध चालू असतानाही टायफॉइडचा ताप उतरायला 4 ते 6 दिवस लागू शकतात. सेफ्ट्रायाक्सोनच्या तिसऱ्या दिवशी ताप आहे म्हणून औषध ‘वाढवलं’ जातं, पाचव्या दिवशी ताप आपल्या चालीने उतरतो आणि श्रेय नव्या औषधाला जातं. अशा चुकीच्या अनुभवांतून चुकीच्या सवयी पक्क्या होतात. कुठला ताप किती दिवसांत उतरतो हे ठाऊक असणं ही या शाखेतली फार मोठी विद्या आहे. स्क्रब टायफसमध्ये (झुडपांतल्या बारीक किड्यांच्या चाव्याने येणाऱ्या तापात) नेमकं उलट: डॉक्सिसायक्लिन 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू केल्यावर 48 तासांत ताप हलला नाही, तर निदान पुन्हा तपासायचं.

महाराष्ट्र-गोव्यात शिकणाऱ्याला पावसाळा हाच मोठा शिक्षक. जुलै ते नोव्हेंबर वॉर्डात येणारा ताप, कमी प्लेटलेट, थोडी कावीळ, थोडं वाढलेलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड बिघडल्याची खूण) हे चित्र डेंग्यू, मलेरिया, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) आणि स्क्रब टायफस या चौघांतही दिसतं. तपासण्यांचा गठ्ठा पाठवण्याआधी रुग्णाशी नीट बोलावं. मागच्या तीन आठवड्यांत काय काम केलं? पाण्यात उभं राहिलात का, पायाला जखम होती का? शेतात, गवतात, झुडपात गेलात का? गडचिरोलीकडून किंवा ईशान्येकडून प्रवास झालाय का? गुरं, कुत्री, माकडं? ‘ट्रॅव्हल हिस्टरी: नाही’ असं लिहिणाऱ्या रेसिडेंटने बहुतेक वेळा ‘बाहेरगावी गेला होतात का’ एवढंच विचारलेलं असतं. गावाला शेतीच्या कामासाठी जाऊन आलेला माणूस त्याला बाहेरगाव म्हणत नाही, ते त्याचं घर असतं.

लेप्टोत डोळे लाल असतात पण चिपडं येत नाहीत, पोटऱ्या दाबल्या की माणूस कळवळतो, बिलिरुबिन खूप वाढलेलं असतं आणि त्या मानाने एसजीपीटी (यकृताच्या तपासणीतला आकडा) बेताचं. मूत्रपिंड बिघडूनही पोटॅशियम वाढलेलं नसतं, ही खूण लक्षात ठेवावी. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईने लेप्टो फार जवळून पाहिला. आयजीएम एलायझा (रक्तातली प्रतिपिंडं शोधणारी तपासणी) पहिल्या चार-पाच दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून दुसऱ्या दिवशीच्या निगेटिव्ह रिपोर्टवर औषध थांबवायचं नाही. खोकल्यातून रक्ताची एक रेघ दिसली तरी रुग्ण आयसीयूच्या जवळ हलवावा, कारण फुप्फुसातला रक्तस्राव काही तासांत जीव घेतो.

स्क्रबमध्ये शोधायची ती एस्कार, म्हणजे किड्याने चावल्या जागी पडलेली काळी खपली. ती दुखत नाही, खाजत नाही, त्यामुळे रुग्णाला तिचा पत्ताच नसतो. काखेत, जांघेत, स्तनाखाली, कानामागे, बेंबीत, कमरपट्ट्याच्या रेषेवर, वृषणावर पाहावं लागतं. पडदा ओढून, परवानगी घेऊन, सगळे कपडे बाजूला करून, हातात टॉर्च घेऊन. दोन मिनिटं लागतात आणि हजारो रुपयांच्या तपासण्या वाचतात. गंभीर स्क्रबसाठी शिरेतून डॉक्सिसायक्लिन आणि अझिथ्रोमायसिन एकत्र दिलेलं, दोहोंपैकी एकट्यापेक्षा सरस ठरतं, हे 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातल्याच मोठ्या चाचणीने दाखवलं. आपल्या रुग्णांवर, आपल्या रुग्णालयांत झालेल्या अशा कामाचा मला अभिमान वाटतो.

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-बांदा भागात आणि गोव्यातल्या सत्तरीत आणखी एक नाव धरायचं: गोचिडांमुळे पसरणारा माकडताप. काजूच्या हंगामात बागेत काम करणारा माणूस, जवळपास मेलेली माकडं, डोकं फुटेल असं दुखणं, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी. काही जणांत ताप उतरून आठवड्या-दोन आठवड्यांनी परत येतो. यावर नेमकं औषध नाही, पण निदान झालं तर अँटिबायोटिकचा मारा टळतो आणि गावात गोचिडांचा बंदोबस्त सुरू होतो. किनाऱ्याच्याच पट्ट्यात मेलिऑइडोसिस (मातीतल्या जंतूचा संसर्ग) विसरू नये. उडुपी-मणिपाल भागात तो चांगला ओळखीचा आहे. मधुमेही शेतकरी, पावसाळा, फुप्फुसात सावली किंवा यकृत-प्लीहेत गळवं, आणि टीबीचं औषध चालू असून फरक नाही. लॅब त्याला ‘स्युडोमोनास’ म्हणून सोडून देते. रिपोर्टवर खूण असते: जंतू जेंटामायसिन आणि कोलिस्टिनला दाद देत नाही आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटला देतो. खऱ्या स्युडोमोनासचं असं कधी नसतं. उपचार सेफ्टाझिडीम किंवा मेरोपेनेम किमान 10 ते 14 दिवस, गळवं असतील तर त्याहून जास्त, आणि मग को-ट्रायमॉक्साझोल 12 आठवडे. जंतू ओळखायची मधली पायरी चुकली की हा रुग्ण सहा महिने टीबीची औषधं खातो.

कधी कधी क्रम उलटा चालतो आणि जंतूच जागा दाखवतो. लघवीत स्टॅफ ऑरियस हा जंतू आला, कॅथेटर (लघवीची नळी) नाही, तर तो रक्तातून खाली आलेला असू शकतो: ब्लड कल्चर पाठवा. रक्तात स्ट्रेप्टोकोकस गॅलोलिटिकस आला तर हृदयाच्या झडपा आणि मोठं आतडं दोन्ही तपासा, कोलोनोस्कोपी राहू देऊ नका. यकृतात क्लेबसिएला या जंतूचं गळू असेल तर तो डोळ्यातही पोचू शकतो, म्हणून रोज विचारा, नजर धूसर झाली का.

रक्तातल्या स्टॅफ ऑरियसला मी या शाखेची खरी कसोटी मानतो. संसर्गतज्ज्ञाने हा रुग्ण पाहिला तर मृत्यू कमी होतात, हे अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. त्यामागे कुठलं नवं औषध नाही, काही ठरलेली कामं न चुकता केली जातात म्हणून. एका बाटलीत आला तरी त्याला भेसळ म्हणायचं नाही. लाइन असेल तर काढायची. हृदयाचा इको करायचा. पाठ दुखते का, सांधा सुजलाय का, रोज विचारायचं. ब्लड कल्चर दर 24 ते 48 तासांनी, निगेटिव्ह येईपर्यंत. आणि दिवस मोजायचे ते पहिल्या निगेटिव्ह कल्चरपासून, औषध सुरू झाल्यापासून नाही. गुंतागुंत मुळीच नसेल तर किमान 14 दिवस, झडप किंवा हाड धरलं असेल तर 6 आठवडे किंवा जास्त. जंतू मेथिसिलिनला दाद देणारा असेल तर व्हँकोमायसिन आणि मेरोपेनेम बंद करून सेफाझोलिन 2 ग्रॅम दर 8 तासांनी. इथे नातेवाईक आणि कधी कधी सहकारीही म्हणतात, ‘भारी औषध काढून हलकं कशाला?’ शांतपणे समजवायचं की या जंतूसाठी सेफाझोलिनच भारी आहे, व्हँकोमायसिन त्याला सावकाश मारतं.

औषधावर आलो. डोस चुकतो तो बहुतेक पहिल्या दोन दिवसांत. क्रिएटिनिन वाढलंय म्हणून लोडिंग डोस कमी केला जातो. लोडिंग डोस शरीरातलं औषध एकदम पुरेशा पातळीवर आणण्यासाठी असतो, त्याचा मूत्रपिंडाशी संबंध नाही. मूत्रपिंड पाहून बदलायचे ते पुढचे डोस. कोलिस्टिनचे आधी 90 लाख युनिट, मग दर 12 तासांनी 45 लाख. व्हँकोमायसिन गंभीर रुग्णात वजनाच्या किलोमागे 25 ते 30 मिलिग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 1.5 ते 1.8 ग्रॅम. ते सावकाश, 1 ग्रॅमला किमान एक तास. घाईने सोडलं तर अंग लालबुंद होतं, रक्तदाब पडतो, आणि फाइलवर कायमचं ‘व्हँकोमायसिनची अ‍ॅलर्जी’ लिहिलं जातं. ती अ‍ॅलर्जी नसते.

आपल्या आयसीयूतल्या क्लेबसिएलात एनडीएम आणि ऑक्सा-48 ही अँटिबायोटिक तोडणारी एन्झाइम्स दोन्ही सापडतात. सेफ्टाझिडीम-एव्हिबॅक्टम एनडीएमपुढे एकटं टिकत नाही. अ‍ॅझट्रिओनामला एनडीएम तोडू शकत नाही, पण सोबतची इतर एन्झाइम्स तोडतात. एव्हिबॅक्टम त्यांना अडवतं आणि अ‍ॅझट्रिओनाम काम करतं. म्हणून दोन्ही औषधं एकाच वेळी शिरेत चालू हवीत. एक सकाळी आणि दुसरं दुपारी दिलं तर जोडीचा अर्थच जातो. हे ऑर्डर शीटवर वेळेसकट लिहा आणि सिस्टरना कारण सांगा. कारण कळलं की ते पाळलं जातं.

अ‍ॅम्फोटेरिसिनचं तसंच. 2021 च्या म्युकरच्या लाटेत ज्यांनी बुरशीवरचं हे औषध रोज दिलं त्यांना हे पाठ आहे. लायपोसोमल, किलोमागे 5 मिलिग्रॅम, 60 किलोला 300, म्हणजे 50 मिलिग्रॅमच्या 6 व्हायल. प्रत्येक व्हायलमध्ये 12 मिलीलीटर स्टेराइल वॉटर घालून जोरात हलवायचं, सोबतच्या फिल्टरमधून 5 टक्के डेक्स्ट्रोजमध्ये घ्यायचं. सलाईनचा थेंबही लागू द्यायचा नाही, औषध साकळतं. लाइनसुद्धा डेक्स्ट्रोजने धुवायची. मूत्रपिंड सांभाळायला अर्धा ते एक लिटर सलाईन द्यायचं ते आधी, वेगळं. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम सुरुवातीला रोज पाहायचं. पोटॅशियम कितीही भरलं तरी वर येत नसेल तर मॅग्नेशियम कमी आहे. आणि हे सगळं करूनही काळं पडलेलं ऊतक सर्जनने काढलं नाही, तर औषध तिथे पोचतच नाही, कारण बुरशीने रक्तवाहिन्याच बंद केलेल्या असतात.

टीबीबद्दल एकच आग्रह धरतो. ज्या रुग्णात टीबीची शंका आहे त्याला लिव्होफ्लोक्सासिन किंवा लिनेझोलिड ‘साधा न्यूमोनिया’ म्हणून देऊ नका. दोन्ही टीबीवर चालतात. ताप थोडा उतरतो, निदान दोन महिने पुढे जातं, आणि एकट्या औषधाने प्रतिकार तयार होतो. ज्या मुंबईतून जवळजवळ सगळ्याच औषधांना न जुमानणाऱ्या टीबीचे रुग्ण 2012 च्या सुमारास जगापुढे आले, तिथे तरी ही चूक परवडणारी नाही. प्रत्येक पू, प्रत्येक बायोप्सी सीबीनॅट आणि कल्चरला जावी. ‘एटीटी (टीबीची औषधं) देऊन बघू’ म्हणण्याआधी नमुन्यासाठी सुई कुठे घालता येईल ते बघावं. टीबीचं रिफॅम्पिसिन लिहिताना रुग्णाच्या बाकीच्या सगळ्या गोळ्या टेबलावर मांडायला सांगा: एचआयव्हीचं डोलुटेग्रॅव्हिर 50 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा करावं लागतं, अवयव बदललेल्यांच्या टॅक्रोलिमसची पातळी कोसळते, रक्त पातळ करणारं वॉरफरिन निष्प्रभ होतं, बुरशीवरचं व्होरिकोनाझोल सोबत देताच येत नाही.

रोजच्या रेफरन्सकडे परत येतो. ताप उतरत नाही म्हणून बोलावलं की फाइल उघडण्याआधी चादर बाजूला करावी. ड्रेसिंग स्वतः सोडून पाहावं, पाठ वळवून पाहावी, हातावरच्या प्रत्येक कॅन्युलाची जागा दाबावी, ड्रेनमध्ये काय येतंय ते पाहावं. सुजलेल्या पोटरीत गुठळी असू शकते, आणि गुठळीनेही ताप येतो. सगळं ठीक असून ताप, पुरळ, वाढलेले इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) असतील तर ताप औषधाचाच असू शकतो. कॅथेटरच्या लघवीत पूपेशी आणि जंतू असणं हा आजार नाही. लक्षणं नसतील तर गरोदरपण आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया सोडता त्यावर उपचार नको. पोटात गळू असेल तर रेडिओलॉजिस्टला फोन करणं हाच त्या दिवशीचा उपचार. पोटातल्या संसर्गाचा निचरा नीट झाला असेल तर साधारण 4 दिवसांचं अँटिबायोटिक पुरतं, निचरा झाला नाही तर 40 दिवसही पुरत नाहीत.

मत लिहिताना पहिली ओळ निदानाची: संसर्ग आहे का, कुठे, कशामुळे. मग काय पाठवायचं, काय काढायचं, कुठलं औषध, किती वाजता, आणि कुठल्या तारखेला बंद. ‘7 दिवस द्यावे’ लिहिलं तर मोजायचं कुठून यावर वाद होतो, ‘18 तारखेच्या रात्रीचा डोस शेवटचा’ लिहिलं तर होत नाही. आणि लिहून थांबू नका, त्या युनिटच्या रेसिडेंटला फोन करा. कागदावरचं मत संध्याकाळपर्यंत कुणी वाचत नाही.

सहा आठवड्यांचं शिरेतलं औषध घेऊन रुग्ण घरी जातो, तेव्हाची तयारी मात्र अजून कुठे नीट शिकवली जात नाही. शक्यतो दिवसातून एकदाच द्यायचं औषध निवडा, सेफ्ट्रायाक्सोन किंवा एर्टापेनेम, म्हणजे तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरला ते देता येईल. त्या डॉक्टरशी रुग्ण निघण्याआधी बोला. दर आठवड्याला सीबीसी, क्रिएटिनिन, एसजीपीटी. लिनेझोलिड असेल तर प्लेटलेट, पायाला मुंग्या आणि नजर. पिक लाइनचं (दंडातून घातलेल्या लांब नळीचं) ड्रेसिंग आठवड्यातून एकदा, हात सुजला किंवा औषध चालू असताना थंडी वाजली तर त्याच दिवशी परत. डिस्चार्ज कार्डावर तीन गोष्टी मराठीत, मोठ्या अक्षरात: शेवटच्या डोसची तारीख, फोन कुणाला करायचा, आणि ती लाइन कोण आणि कुठल्या दिवशी काढणार.